तंबूचं दार कुठल्या बाजूला

बाय, तू मला फसवलंस. उरणच्या बंदराच्या रस्त्यावर ज्या बाईला आजवर एकाही टायरवाल्याला, दलालाला, कंटेनर यार्डातल्या सुपरवायझरला गंडवता आलं नाही, तिला तू गंडवलंस. तेही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, हसत हसत. पंधरा दिवसांपूर्वी तुझं तेरावं झालं. जो आला तो सांगून गेला की थोरली सून म्हणजे देवमाणूस होती, कुणाला कधी दुखावलं नाही, कुणाशी कधी खोटं बोलली नाही. मी मान हलवत पाहुण्यांच्या पानात वरण वाढत राहिले. देवमाणसं लबाडी करत नाहीत. तू केलीस. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी डोळे पुसायची घाई करणार नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुला 'जाऊबाई' म्हणत होते. महिनाभरात त्यातली जाऊ गळाली आणि नुसती बाय राहिली. तू मला पहिल्या दिवसापासून 'सुमे' म्हणालीस. दोघी भाऊ-भावांच्या बायका, दोघींचे नवरे ट्रेलरवर ड्रायव्हर. पण तू मिठागरातली आणि मी रस्त्यावरची. यार्डाच्या गेटबाहेर ड्रायव्हर लोकांना भाकरी-कालवण विकत मी धंदा शिकले. आज आपले स्वतःचे ट्रेलर आहेत, ते त्या भाकऱ्यांवर आणि माझ्या जिभेवर उभे आहेत. माझा आवाज चढतो, मला माहीत आहे. तो चढला नसता तर अजून आपल्या दोघींचे नवरे दुसऱ्याच्या गाडीवर असते.

त्या धंद्याच्या धावपळीत एकदा नाताळच्या सुट्टीत तू म्हणालीस, "सुमे, पोरांना घेऊन दर्यावर ऱ्हायला जाव."

"हॉटेलात?" मी विचारलं.

"हॉटेलात कशाला? ताडपत्री हाय ना गाडीची."

मला राग आला होता. आत्ता कुठे आपण स्लॅबचं घर बांधलं, बाथरूममध्ये टाइल्स लावल्या, आणि ही बाई म्हणते ताडपत्रीखाली वाळूत झोपू. मी म्हटलं, "लोक म्हणतील यांचं घर जप्त झालं." तू म्हणालीस, "म्हनू दे. पोरांना आवडल." तुझी मानसी, धाकटा सोहम आणि माझा तेजस तिघंही दारामागे उभे राहून ऐकत होते. तू आधीच त्यांना सांगून ठेवलं होतंस. म्हणजे ही सवय तुला तेव्हापासूनच होती. सौदा आधी ठरवायचा आणि मग मला विचारायचं.

चौलला आपण गेलो. नाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ, त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीमागे सुरूचं बन आणि बनापुढे किनारा. तुमच्या ह्यांनी, म्हणजे दादांनी, आणि आमच्या ह्यांनी बांबू रोवले, आडवा बांबू टाकला, त्यावरून ट्रेलरची ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडली. एक तोंड जुन्या ताडपत्रीच्या तुकड्यानं बंद करायचं, दुसरं उघडं ठेवायचं. उघडं ते दार. मी सांगितलं, दार जमिनीकडे. तू म्हणालीस, समुद्राकडे.

"सुमे, दर्यावर येऊन दर्याला पाठ दाखवायची?"

"माणसं जमिनीवरून येतात, बाय. चोर, कुत्री, दारुडे, सगळे तिकडूनच. समोर दिसायला नकोत?"

"म्हनून तं तिकडं पाठ करायची," तू म्हणालीस.

मी नानांकडे विहिरीचं आणि मोरीचं बोलायला गेले. तिथे माझी पद्धत माझी. नाना म्हणाले, "वहिनी, तुम्ही भाव करायला आलात की भांडायला?" मी म्हटलं, "दोन्ही. आधी भाव करू, तो जमला नाही तर भांडू." मोरी, विहीर, सुरूची पडलेली लाकडं आणि सकाळचं दूध एवढं सगळं ठरवून मी विजयी होऊन परत आले तर तो ताडपत्रीचा तुकडा जमिनीकडच्या तोंडाला बांधलेला. दार समुद्राकडे. तू आत बसून कांदा चिरत होतीस, जसं काही झालंच नाही.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला भरदुपारी उधाणाची भरती येते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसरा कुणीही तंबू उचलून वर नेला असता. पण मिठागरातली माणसं पाणी आलं म्हणून पळत नाहीत, बांध घालतात. तू फावडं घेतलंस, पोरांना हाताशी घेतलंस आणि तंबूभोवती वाळूचा असा सुरेख बांध घातलास की किनाऱ्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते. फक्त एक गोष्ट तुझ्या हातांनी तुला न विचारता केली. मिठागरात पाणी आत घ्यायला बांधात समुद्राच्या बाजूला जी उघाडी ठेवतात, ती तुझ्या हातांनी इथेही ठेवली. आपण वाडीत सावलीला जेवायला बसलो, आणि उधाणाचं पाणी त्या उघाडीतून अदबीनं आत आलं आणि बांधामुळे आतच राहिलं. परत गेलो तर ओहोटी लागलेली, सगळा किनारा कोरडा, आणि मधोमध आपला तंबू तळ्यात. गाद्या, तांदूळ, माझी चांगली साडी, सगळं पाण्यात. सोहमची चप्पल होडीसारखी फिरत होती.

माझा आवाज वाडीपर्यंत गेला असणार, कारण नाना धावत आले. दादा म्हणाले, "आता ऱ्हावा हितंच, मीठ पिकलं की येचून घरी जाव." आणि तू कमरेवर हात ठेवून, गुडघाभर पाण्यात, इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. पोरं तुझ्यावर पाणी उडवायला लागली. मी ओरडतच होते. मग तेजसनं माझ्यावर पाणी उडवलं. एरवी त्याला एक ठेवून दिली असती. तेव्हा जमलं नाही, कारण मलाही बसावं लागलं.

त्यानंतर दर नाताळला आपण गेलो. एक वर्ष हरिहरेश्वरला जाऊन पाहिलं, पण तिथे दर्शनाची गर्दी, आणि पोरांचा जीव चौलच्या त्या वाळूत. दरवर्षी बांध घालायचाच, पाणी येवो न येवो. पोरं आता तंबू लावायच्या आधी बांध आखतात. दरवर्षी मी दार जमिनीकडे लावून घ्यायची, नानांशी बोलायला वाडीत जायची, आणि परत येईपर्यंत तू दार फिरवलेलं असायचं. तेवढा एक तुकडा सोडायचा, दुसऱ्या बाजूला बांधायचा. मी ओरडायची, "कोणी केलं?" तिन्ही पोरं आकाशाकडे बघायची. तू म्हणायचीस, "वारा असल."

एकदा तुला नीट विचारलं होतं मी, हे काय वेड आहे म्हणून. तू वालाच्या शेंगा मडक्यात भरत होतीस. मडक्याभोवती जाळ करून भाजतात ती पोपटी लावायची होती, तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, अंडी, बटाटे. तू म्हणालीस, लहानपणी मिठागराच्या बांधावर खोप होती, तिचं दार खाडीकडे होतं. रात्री उधाण असलं की बाबा दारातच झोपायचा. "पानी समोर दिसत असलं की झोप लागते गो. दिसत नसलं की भ्या वाटतं." मी म्हटलं, "आणि मला माणसं समोर दिसत नसली की भ्या वाटतं." तू माझ्याकडे बघितलंस, मडकं उपडं केलंस, पेंढा रचलास आणि म्हणालीस, "तं मग तू तिकडं बघ, मी हिकडं बघते. पोरां मधी झोपतील." वाद तिथेच मिटायला हवा होता. पण दार एकच होतं.

आणखी एक वाद तसाच आहे, तोही आज काढते. मी नानांशी घासाघीस करून यायची आणि तू मागून हळूच डब्यात सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन त्यांच्या बायकोकडे जायचीस. संध्याकाळी नानांकडून शहाळी यायची, ओली सुपारी यायची, एकदा तर पाट आणि रांगोळीसुद्धा आली, का ते देवाला माहीत. तू म्हणायचीस, "बघ सुमे, न मागता मिळतं." मी म्हणायची, मी भाव पाडला म्हणून तुला दानशूर होता येतं. हे मी आजही म्हणते. घरात एकानं वाईट व्हावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याला चांगलं होता येतं. वाईटपणा मी घेतला होता आणि गोडवा तुझ्याकडे दिला होता. हा आपला न बोललेला करार होता. आता तू गेलीस. गोडव्याचं खातं कोण बघणार? मला ते जमत नाही. तेराव्याला वाढताना मी ह्यांच्या आत्यांना "घ्या ना अजून" म्हटलं तर त्या घाबरल्या.

आता गेल्या नाताळबद्दल.

चौलला पोचलो आणि तू गाडीतून खुर्ची काढून सुरूखाली बसलीस. म्हणालीस, "सुमे, यंदा तू लाव तंबू." मी म्हटलं, "मी? मला गाठी येतात का?" "शीक मग." दादांना तू काहीतरी आणायला रेवदंड्याला पिटाळलं होतंस, आमचे हे गाडीवर होते. वारा होता. ताडपत्री माझ्या तोंडावर येत होती, पोरं हसत होती, आणि तू खुर्चीतून सांगत होतीस, "तशी नाय, खालून घे. वडून घे. आता उलटी." मी ओरडले तुझ्यावर, पोरांसमोर. "राणीसारखी बसून हुकूम सोडतेस!" तू म्हणालीस, "राणीच हाय." मग बांध कुठून घालायचा ते दाखवलंस, काठीनं. तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची ते माझ्याकडून वदवून घेतलंस, शाळेतल्या बाईसारखं. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की पोपटी झाली, हेही. मला वाटलं, हिला आळस चढलाय. पोपटी फुटली तेव्हा तू तुझ्या वाटणीचं तेजसच्या पानात सरकवलंस. मी म्हटलं, "डाएट करतेस काय गो?" तू म्हणालीस, "पोट भरलंय."

आणि दार. मी दार जमिनीकडे लावलं. नानांकडे गेले, भाव केला, परत आले. दार जमिनीकडेच होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "असू दे. यंदा तुझं."

बाय, मी धंद्यातली बाई आहे. समोरचा पहिल्याच बोलीला हो म्हणाला की मी माल उलटापालटा करून बघते, कारण नक्की कुठेतरी खोट असते. घाईत हो म्हणणाऱ्या माणसाकडून मी कधी साधा जॅकसुद्धा घेतला नाही. आणि त्या दिवशी तू इतक्या वर्षांचा वाद एका शब्दात सोडून दिलास आणि मी काय केलं? मी जिंकले म्हणून मिरवले. आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं. तू माझा फोन काढून घेऊन नेहमीसारखा तांदळाच्या डब्यात पुरलास, झाकण लावलंस आणि म्हणालीस, "बस आता हितं. बघ जरा, पोरां कशी खेलतात."

तुझे दवाखान्याचे रिपोर्ट त्याआधीच आले होते. दादांना माहीत होतं. शपथ घातली होतीस त्यांना. होळी झाल्यावर त्यांनी सांगितलं, आणि मी दादांना, स्वतःच्या थोरल्या दिराला, अंगणात उभं करून जे बोलले ते गल्लीनं ऐकलं. ते खाली बघत एवढंच म्हणाले, "ती बोलली, पोरांची सुट्टी होऊन जाव दे." त्यांच्यावरचा माझा राग संपला. ते काय करणार होते? तुझ्यापुढे त्यांचं कधी चाललंय? तुझ्यावरचा नाही संपला.

पावसाळ्यात तू अंथरुणाला लागलीस तेव्हा मी विचारलं होतं तुला. मला का नाही सांगितलंस? तू डोळे मिटून हसलीस. "सांगितलं असतं तं तू डॉक्टरशी भाव करत बसली असतीस."

केला असता! नक्की केला असता. डॉक्टरशी केला असता, देवाशी केला असता. आणखी पाच नाताळ मागितले असते, चारावर आले असते, तिनावर अडून बसले असते आणि दोन घेतल्याशिवाय उठले नसते. उठून जायचं नाटक केलं असतं, मला परत बोलावलं असतं त्यांनी. मला बोलावतातच. पण त्यासाठी वेळेवर माल दाखवायला लागतो, बाय. तू मला बोलीलाच बसू दिलं नाहीस. सौदा परस्पर करून आलीस आणि मला नुसतं गाठ मारायला शिकवलंस. हीच ती फसवणूक. मी तुझ्यावर ओरडले त्याबद्दल मी माफी मागणार नाही. लोक सांगतात, मनात ठेवू नकोस, फोटोसमोर उभी राहून माफी माग. कशाची? तू आजारी दिसली असतीस तर मी ओरडले नसते. तू आजारी दिसणार नाहीस याची तूच व्यवस्था केलीस. ते ओरडणं तू माझ्याकडून हौसेनं घेतलंस, कारण तुला तो नाताळ नेहमीसारखा हवा होता. मी ओरडले नसते तर तो नेहमीसारखा झाला नसता. जा, दिला तुला.

आणि हेही लिहिते, एकदाच. मी यार्डाच्या गेटवर उभी होते तेव्हा तेजसला तू वाढवलंस. तो पडला की अजून "मोठी आई" म्हणून ओरडतो, माझं नाव घेत नाही. मला त्याचा राग यायचा. आता येत नाही. वर्षातले ते तीन-चार दिवस सोडले तर माझ्या पोराला मी नीट बघितलेलंच नव्हतं. पाण्यात तो कसा पळतो, वाळूत झोपला की कसा दिसतो, हे मला तांदळाच्या डब्यातल्या फोननं दाखवलं. यासाठी आभार मानायचे असतात हे मला माहीत आहे. मानले. पण आभार मानले म्हणून हिशेब मिटत नाही.

तेराव्यानंतर मी घरात सांगितलं, नाताळला चौलला जायचं. आत्या बोलल्या. "वरीस झालं नाय आजून, नि तुमी दर्यावर मजा माराला चालले? लोक काय बोलतील?"

"लोक बोलतील ते मी ऐकून घेईन, आत्ये. पोरांनी वर्षभर भिंती बघायच्या का?"

"जीभ हाय का कातर गो तुजी?"

"कातरच आहे. म्हणून या घरात ताटं भरलेली आहेत."

आत्या उठून गेल्या. पण खरी अडचण त्यांची नव्हती. मानसी म्हणाली, "तुम्ही जा. मी नाय येत." बस्स, एवढंच. मी तिला समजावलं, रागावले, नवी पोहण्याची ट्यूब देते म्हटलं. ती ट्यूबच्या वयाची राहिली नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सोहम म्हणाला, ताई नसेल तर मीही नाही. तेजस म्हणाला, दोघं नसतील तर मी जाऊन काय करू? बघता बघता तुझं सगळं बांधलेलं वाहून जायला लागलं. या वर्षी गेलो नाही की पुढच्या वर्षी काहीतरी कारण निघणार, आणि मग ही पोरं आपापल्या खोलीत बसून मोठी होणार. मी यार्डाचे सुपरवायझर फिरवलेत, तुझ्या पोरीला फिरवता येईना.

चार दिवसांनी मी चपात्या लाटत होते. मानसी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर.

"काकी, तू दार कुठं लावनार?"

"जमिनीकडे."

"आई नाय तरी?"

"आई नाही म्हणून मी का बदलू? मला पटत नाही तर नाही पटत."

मला वाटलं आता रडेल. रडली नाही. थोडा वेळ पिठाशी खेळली. मग म्हणाली, "नाय, असंच. आणि नानांशी बोलायला तुला किती वेळ लागतो?"

"भाव कसा निघतो त्यावर आहे."

"म्हंजे लवकर नाय येत ना?"

"मी कधी लवकर आलेय?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, येते. तेव्हापासून शाळेतून आली की गॅलरीच्या गजाला दोरी बांधते, सोडते, परत बांधते. खालून घेते, ओढते, उलटी करते. मी तिकडे बघत नाही. मला काही विचारायचं नाही.

आत्या, दादा, आमचे हे, सगळ्यांचं म्हणणं आहे की यंदा तुझ्यासाठी दार समुद्राकडे लावावं. सुचवतात, डोळ्यांत पाणी आणून. मी लावणार नाही. मी लावलं तर ते दार राहणार नाही, हार घातलेला फोटो होईल. आपलं भांडण मी अशा भावात विकणार नाही.

तर ऐक, बाय. नाताळच्या सुट्टीत मी चौलला जाणार. पोरं बांध आखतील. तू शिकवलेल्या गाठींनी मी ताडपत्री बांधणार आणि दार जमिनीकडे लावणार, पक्कं. मग पदर खोचून नानांकडे जाणार आणि एकेका बादलीसाठी भांडणार, नाना दमेपर्यंत. मागे वळून बघणार नाही. आणि मी परत आले तेव्हा दार फिरलेलं नसलं, माझी तीन पोरं आकाशाकडे बघत उभी नसली, आणि "कोणी केलं" म्हणून मला ओरडता आलं नाही, तर त्याचा जाब मी तुलाच विचारणार. पाण्याच्या काठावर उभी राहून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. उत्तर तयार ठेव. आणि "वारा असल" हे चालणार नाही.